कोरेगाव ते लंडन : अंतर, वेळ आणि थांबा

सातारा शहराच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर, जरंडेश्वराच्या डोंगरापलीकडे, तिळगंगेच्या काठी कोरेगाव हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई जिथे झाली ते भीमाकाठचे कोरेगाव निराळे, आणि या दोहोंची गल्लत पुस्तकांतूनही अधूनमधून होते. या कोरेगावात विमानतळ नाही. तरीही दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ या विषयाचा इतिहास पाहण्यासाठी अशा गावाची जागा सोयीची आहे, कारण विमानतळावरून पाहणाऱ्याला केवळ उड्डाण दिसते, तर गावातून पाहणाऱ्याला उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा सगळा प्रवास हिशेबात धरावा लागतो. हा हिशेब मांडला म्हणजे असे दिसते की गेल्या दोनशे वर्षांत प्रवासाचा मधला, समुद्रावरचा किंवा आकाशातला टप्पा कमालीचा आखडला, परंतु दोन्ही टोकांचे टप्पे त्या प्रमाणात आखडले नाहीत. आणि कोणते गाव कशाच्या जवळ व कशापासून दूर हे मैलांपेक्षा वाहन कुठे थांबते यावरून ठरत गेले.

मराठेशाहीच्या काळात अंतर कोसांत सांगितले जाई. कोस सामान्यतः दोन मैलांचा, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या आसपास धरला जात असला, तरी प्रदेशानुसार तो कमी-अधिक होई, आणि प्रवास करणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून उपयोगाचे माप मजल हे होते. लष्कर, बैलांचा तांडा किंवा पायी वाटसरू एका दिवसात जेवढे चालून मुक्कामाला पोहोचेल तेवढी ती मजल. साहजिकच घाट चढायचा असेल तर मजल कोसांनी आखूड होई, पावसाळ्यात नदीला पूर असेल तर ती होतच नसे. या मापात अंतर आणि वेळ यांची फारकत झालेली नव्हती. १७०८ मध्ये छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक होऊन सातारा राजधानी झाली आणि पुढे पेशव्यांचा कारभार पुण्यात वाढला, तेव्हा या दोन ठिकाणांमधील सुमारे एकशे दहा किलोमीटरच्या वाटेवर जासूद, म्हणजे पायी पत्रे नेणारे निरोपे, जोडीने धावू लागले. एकाला काही झाले तरी दुसऱ्याने पत्र पोहोचवावे हा त्या जोडीमागचा हिशेब होता. दूरच्या बातम्यांची गती मात्र वाटेच्या सुरक्षिततेवर अवलंबून असे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले ते उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना माळव्यात कळायला दहाएक दिवस लागले, आणि तेही सरकारी जासुदाकडून नव्हे तर सावकारी टपालाच्या हाती आलेल्या पत्रातून, ही बाब बोलकी आहे. व्यापाऱ्यांची डाक राज्यकर्त्यांच्या डाकेपुढे धावत होती.

साताऱ्याचे लंडनशी नाते जडले ते राज्य जाण्याच्या निमित्ताने. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठविले आणि त्यांची बाजू कंपनीच्या संचालकांपुढे व पार्लमेंटपुढे मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले, ते तिथे १८५३ पर्यंत राहिले. त्यांच्या कामगिरीचे मूल्यमापन राजकीय इतिहासात पुष्कळ झाले आहे. अंतराच्या इतिहासात तिचे स्थान वेगळे आहे. धनी काशीत, वकील लंडनमध्ये आणि मूळ वाद साताऱ्याचा, असा तीन टोकांचा पत्रव्यवहार चालविताना एका प्रश्नाचे उत्तर मिळण्यास काही महिने जात. १८४७ मध्ये प्रतापसिंहांचे काशीत निधन झाले, १८४८ मध्ये सातारा संस्थानच खालसा झाले, तरी वकील आपल्या जागी उभाच होता. कंपनीच्या कारभाराला हा विलंब सोयीचा होता असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही, कारण दूरच्या दरबारात दाद मागणाऱ्याचा खर्च दिवसागणिक वाढतो आणि निर्णय लांबविणाऱ्याचा वाढत नाही.

रंगो बापूजींच्या काळी हे अंतर आधीच्या पिढीच्या मानाने कमी झालेले होते, हेही नमूद करावयास हवे. त्यापूर्वी मुंबईहून इंग्लंडला जाणारे शिडाचे जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून जाई. हा मार्ग सुमारे वीस हजार किलोमीटरचा होता आणि वारा कसा मिळेल त्याप्रमाणे त्याला चार ते सहा महिने लागत. २० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईहून निघाली आणि कोळसा भरण्यासाठी वाटेत थांबत तेहतीस दिवसांनी सुएझला पोहोचली. तिथून जमिनीवरून भूमध्य समुद्र गाठायचा आणि पुन्हा जहाजात बसायचे, असा जो मार्ग रूढ झाला त्याने मुंबई-लंडन टपाल पुढील दशकात महिना-सव्वा महिन्याच्या टप्प्यात आले. त्याच १८३० साली बोरघाटातून गाड्यांची सडक खुली झाली, म्हणजे मुंबईहून दख्खनकडे येणारी वाट आणि मुंबईहून विलायतेकडे जाणारी वाट एकाच वर्षी सुधारली. १८६९ मध्ये सुएझ कालवा झाल्यावर समुद्रमार्ग सुमारे साडेअकरा हजार किलोमीटरवर आला, आणि १८७० मध्ये सुएझ, एडन व मुंबई यांना जोडणारी समुद्राखालील तार पडल्यावर निरोप माणसापासून सुटा झाला; निरोप आता मिनिटा-तासांत पोहोचू लागला आणि माणूस आठवड्यांत.

कोरेगावच्या दृष्टीने मात्र खरा फरक रेल्वेने केला. मुंबई-पुणे लोहमार्ग १८६३ मध्ये बोरघाट चढून पूर्ण झाला होता. त्यापुढे दक्षिणेकडे जाणारा मार्ग १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टाकला. तो मीटर गेज, म्हणजे रुळांमधील अंतर एक मीटर असलेला, अरुंद मार्ग होता, तर पुण्यापर्यंतचा मार्ग त्याहून रुंद. त्यामुळे पुण्याला माणसांना गाडी बदलावी लागे आणि माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवावा लागे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अभियंत्यांनी खंबाटकी घाटाची जुनी सडक सोडून जेजुरी, नीरा, लोणंद, सालपे, आदर्की, वाठार असा पूर्वेकडचा, चढ सौम्य असलेला मार्ग निवडला. जिल्ह्याचे मुख्यालय असलेले सातारा शहर त्यामुळे लोहमार्गाच्या बाजूला राहिले, आणि कोरेगाव व रहिमतपूर ही तालुक्यातील गावे थेट मार्गावर आली. साताऱ्याच्या प्रवाशाला उतरण्यासाठी कोरेगाव तालुक्यातीलच पाडळी येथे ‘सातारा रोड’ या नावाचे स्थानक देण्यात आले, तिथून शहरापर्यंत टांगा किंवा बैलगाडी. राजधानीला गाडी पकडण्यासाठी खेड्याकडे यावे लागावे, ही उलटापालट केवळ चढाच्या गणिताने घडवून आणली. पुण्यापर्यंत सडकेने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आणि रुळांवरून त्याहून पंचवीस-तीस किलोमीटर अधिक, असे असूनही लांबच्या वाटेने लवकर पोहोचता येऊ लागले. अंतर आणि वेळ यांची फारकत इथे पहिल्यांदा लोकांच्या प्रत्यक्ष अनुभवास आली.

थांबा कुठे आहे याचे परिणाम या एका मार्गावर जितके ठळक दिसतात तितके महाराष्ट्रात क्वचितच दिसतील. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना व वसाहत उभी केली आणि पुढे स्थानकालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचेचा कारखाना कराड स्थानकाजवळ आला आणि त्या परिसराची ओगलेवाडी झाली. १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला लोखंडी नांगरांचा कारखाना काढला, आणि हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या पहिल्या, अल्पजीवी मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले. तिन्ही ठिकाणी पाणी, जमीन, संस्थानिकाचा आश्रय अशी अन्य कारणे होतीच, परंतु कच्चे लोखंड, कोळसा आणि तयार नांगर किंवा कंदिलाच्या काचा बैलगाडीवर फार लांब नेणे परवडणारे नव्हते. गाडी जिथे थांबत होती तिथे कारखाना उभा राहिला, आणि जिथे ती न थांबता जात होती तिथला माळ पूर्वीसारखाच राहिला.

रेल्वेने घड्याळही आणले. प्रत्येक गावची वेळ पूर्वी सूर्यावरून ठरे, म्हणजे सूर्य माथ्यावर आला की बारा. आणि पृथ्वी एक रेखांश फिरण्यास चार मिनिटे घेत असल्यामुळे पूर्वेकडील गावाचे बारा आधी वाजत. रेल्वे कंपन्यांनी मात्र देशभर मद्रासच्या वेधशाळेची वेळ स्वीकारली होती, जी कोरेगावच्या सूर्यापेक्षा सुमारे चोवीस मिनिटे पुढे होती. परिणामी स्थानकातील घड्याळाने आणि गावच्या सावलीने सांगितलेली वेळ निराळी असे. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशावर आधारित भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तिच्यामागे कोरेगावचा सूर्य सुमारे तेहतीस मिनिटे आहे. मुंबई शहराने आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालू ठेवली, तो लहानसा हट्ट इतिहासात नोंदविण्याजोगा आहे. हे सर्व विषयांतर वाटेल, परंतु दोन दूरच्या विमानतळांमधील प्रवासवेळ समजून घेताना जी सर्वसामान्य चूक होते ती नेमकी येथेच उगम पावते: निघण्याची वेळ एका घड्याळाची आणि पोहोचण्याची दुसऱ्या घड्याळाची असते, म्हणून पश्चिमेकडील प्रवास कागदावर आखूड आणि पूर्वेकडील लांब दिसतो.

विमानाचा भारताशी नियमित संबंध टपालाच्या निमित्ताने आला. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची सेवा सुरू केली. सात दिवसांच्या त्या प्रवासात युरोपातील काही भाग आगगाडीने, भूमध्य समुद्र पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने आणि पुढचा इराक-इराणचा टप्पा जमिनीवरील विमानाने पार केला जाई. कराचीत उतरलेले टपाल पुढे नेण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून सकाळी उड्डाण केले आणि अहमदाबादला थांबून दुपारी दोनच्या आत ते मुंबईच्या जुहू येथील मैदानावर उतरले. तिथून नेव्हिल व्हिंटसेंट यांनी टपालाच्या पिशव्या बळ्ळारीमार्गे मद्रासला नेल्या. जुहू आणि बळ्ळारी यांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढली, तर ती कोरेगाव शहराच्या ईशान्येला आठ-दहा किलोमीटरवरून, कोरेगाव तालुक्यातूनच जाते. त्या काळचे वैमानिक ढग, वारा आणि खालच्या नद्या-डोंगरांच्या खुणा पाहून मार्ग वळवीत, त्यामुळे प्रत्यक्ष विमान नेमके याच रेषेवरून गेले असे ठामपणे सांगता येणार नाही. परंतु रेल्वेने या तालुक्याला काही थांबे दिले आणि विमानाने एकही दिला नाही, एवढे निश्चित. कोरेगावच्या पत्राला लंडनला जाण्यासाठी आधी आगगाडीने मुंबईकडे जावे लागे.

विमानमार्गाचे अंतर ज्या पद्धतीने मोजतात ती रस्त्याच्या अंतरापेक्षा तत्त्वतःच वेगळी आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट ही पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर काढलेल्या वर्तुळाचा, म्हणजे बृहद्वृत्ताचा, तुकडा असते. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन यांच्यात दोरा ताणून धरला तर तो अरबस्तानावरून न जाता इराण, कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग आणि युक्रेन यांवरून जातो, जरी सपाट नकाशावर ही वाट विनाकारण उत्तरेकडे वाकलेली भासते. हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ते काढण्यासाठी पृथ्वीचा नेमका आकार ठाऊक असावा लागतो, आणि त्या ज्ञानातील मोठा वाटा भारतातील त्रिकोणमितीय मोजणीचा आहे, जी विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली आणि जिच्या कामावर असतानाच १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. विमानचालक आजही नाविकांप्रमाणे सागरी मैल वापरतात. पृथ्वीच्या बृहद्वृत्तावरील एका कलेएवढे, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढे हे माप १.८५२ किलोमीटरचे आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्याच्या एस.टी.ची पहिली गाडी धावली, आणि त्यानंतर अवघ्या आठवड्याने, ८ जून रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पस्तीस प्रवाशांसह मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. तिकीट १,७२० रुपयांचे होते, म्हणजे सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडचे. या दोन घटना इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, वास्तविक त्या एकत्र वाचल्या पाहिजेत, कारण कोरेगावच्या माणसाचा परदेशप्रवास पुढे या दोन्ही वाहनांनी मिळून घडणार होता. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, सर्वसामान्यांच्या वाट्याला विमान निराळ्या रूपाने आले: मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली टपालविमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असणे ही नागपूरची भौगोलिक बाब तोवर केवळ भूगोलात होती. थांबा मिळताच ती उपयोगाची झाली. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमाने आली आणि उड्डाणाचा वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या घरात गेला. त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत प्रवासी विमानाचा वेग जवळजवळ वाढलेला नाही, वाढला तो न थांबता जाण्याचा पल्ला.

कोरेगावच्या आसपास धावपट्ट्या नव्हत्या असे नाही. कोल्हापूरचा विमानतळ संस्थानी काळात, १९३९ मध्ये सुरू झाला, आणि कराडजवळची लहान धावपट्टी १९५० च्या दशकात, कोयना प्रकल्पाची हालचाल सुरू असताना झाली. तथापि नियमित प्रवासी सेवा कोल्हापुरात दीर्घकाळ येत-जात राहिली, आणि २०१८ मध्ये उडान योजनेखाली हैदराबाद व बंगळूरशी ती जोडली गेली तेव्हाच तिला काहीसे स्थैर्य आले. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या टापूतील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, काही पिढ्यांपासून केरळपासून बंगालपर्यंत पसरलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी अशी सेवा चैनीची बाब नाही. गावची यात्रा, लग्न, मयत यांना एका दिवसात पोहोचता येते की तीन दिवसांत, यावर घरातील माणसाचा गावाशी संबंध किती टिकतो हे ठरते. जिल्ह्याच्या फौजी परंपरेतही हा प्रश्न जुनाच आहे. पहिल्या महायुद्धात ज्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले, तिथल्या घरांना बसरा किती मैलांवर आहे हे सांगणारे कोणी नसले, तरी पत्र किती दिवसांनी येते हे ठाऊक असे.

आज उड्डाणाचा म्हणून जो वेळ छापला जातो तो हवेतील वेळ नसून विमानाची चाके एका विमानतळावर हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा असतो आणि त्यात धावपट्टीपर्यंत सरकण्याची, रांगेत थांबण्याची मिनिटे धरलेली असतात. तोच मार्ग परतीच्या दिशेने निराळा वेळ घेतो, कारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे लंडनहून येणाऱ्या विमानाला ढकलतात आणि लंडनला जाणाऱ्याला अडवितात. राजकारण हा तिसरा घटक. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यापासून भारतीय कंपन्यांच्या पश्चिमेकडील उड्डाणांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला, आणि विमानतळ होते तिथेच असताना वेळ वाढला. जमिनीवरचा हिशेब याहूनही विषम आहे. मुंबई ते दुबई हे १,९०० किलोमीटरहून अधिक अंतर विमान तीन तासांच्या आसपास कापते, तर कोरेगावहून मुंबईच्या विमानतळापर्यंतच्या पावणेतीनशे किलोमीटरना खंबाटकी, पुण्याची कोंडी आणि बोरघाट धरून पाच-सहा तास लागतात, आणि विमान सुटण्याच्या तीन तास आधी हजर राहण्याचा दंडक त्यात मिळविला की आखाती देशात नोकरीला जाणाऱ्याचा बहुतेक वेळ महाराष्ट्रातच जातो.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाने या टोकाच्या टप्प्यातून मुंबई शहरातील वाहतूक वगळली. परंतु घाट राहिलेच. त्याहून जवळचा ठरू शकेल तो पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात योजलेला विमानतळ, ज्याची जागा कोरेगावपासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर आहे आणि ज्याच्या भूसंपादनाला पारगाव, वनपुरी, कुंभारवळण आदी सात गावांनी दीर्घकाळ विरोध केला आहे. दूरच्यांना जवळ आणणारा थांबा ज्यांच्या शेतात येतो त्यांचा हिशेब वेगळा असतो, हे किर्लोस्करवाडीच्या ओसाड माळाबाबत उद्भवले नव्हते. पुणे-मिरज लोहमार्ग, जो १९७१ मध्ये रुंद झाला आणि ज्याचे विद्युतीकरण व दुपदरीकरण अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले, या जागेपासून फार दूर नाही. राजेवाडी आणि जेजुरी ही त्याच मार्गावरील स्थानके आहेत. उद्या पुरंदरला विमाने उतरू लागली, तर कोरेगावच्या प्रवाशाला तिथे पोहोचण्यास दीड तास लागेल की चार, हे विमानाच्या वेगाशी निगडित नसून, कोल्हापूरकडून येणारी गाडी त्या विमानतळासाठी एखाद्या स्थानकावर दोन मिनिटे उभी राहील किंवा नाही यावर अवलंबून राहील.